कमी उजेडात फ्लॅश लावून चेहरा सुंदर कसा टिपायचा

माझ्याकडे आजीचा एक फोटो आहे. संध्याकाळची वेळ होती, खोलीत पिवळा दिवा होता आणि आजी भिंतीलगतच्या खुर्चीत बसून मनापासून हसत होती. मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला. फोटोत तिचं कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक आहे, हनुवटीखाली काळी पट्टी आहे, डोळ्यांत लाल ठिपके आहेत आणि मागच्या भिंतीवर डोक्याची सावली कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसते. खोलीतला तो उबदार उजेड फोटोत कुठेच नाही.

फ्लॅश जास्त झाला असं मला वाटलं, म्हणून पुढे कितीतरी महिने मी त्याची ताकद कमी करत राहिले. फोटो अंधारे येत गेले, चेहरे मात्र तितकेच रुक्ष. चूक ताकदीत नव्हतीच. हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर आजीचे आणखी कितीतरी चांगले फोटो आज माझ्याकडे असते. तुमच्या घरातल्या माणसांच्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा: मऊ म्हणजे मंद नव्हे

प्रकाश मऊ आहे की कडक, हे सावलीच्या कडेवरून कळतं. उजेडातून काळोखात जाताना एकदम रेघ दिसली तर प्रकाश कडक. हळूहळू उतरत गेला तर मऊ. आणि हे एकाच गोष्टीवर ठरतं: चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर प्रकाशाचा उगम केवढा दिसतो.

सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर आहे, पण तो १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्याला एवढासा दिसतो आणि त्याची सावली कडक पडते. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. फ्लॅशची काच जेमतेम सात-आठ सेंटीमीटर रुंद असते. दोन मीटरवरून ती ठिपक्याएवढीच दिसते. तिच्यातून कमी प्रकाश सोडा नाहीतर जास्त, ठिपका ठिपकाच राहतो.

विश्वास बसत नसेल तर कॅमेरा बाजूला ठेवून हा प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत टेबलावर पांढरा कागद पसरा आणि त्यावर एक चेंडू ठेवा. मीटरभर अंतरावरून मोबाइलचा टॉर्च त्याच्यावर धरा. सावलीची कड बघा, पेन्सिलनं गिरवता येईल इतकी स्पष्ट असेल. आता ट्रेसिंग पेपरचा तुकडा टॉर्चला अगदी चिकटवून धरा. उजेड कमी होईल, पण कड जवळपास तशीच राहील. मग ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव टॉर्चपासून फूटभर पुढे धरा, म्हणजे तो पूर्ण उजळेल. सावलीची कड विरायला लागेल. हा ताव आणि टॉर्च दोन्ही चेंडूच्या जवळ न्या, कड आणखी विरेल. पुढचं सगळं या पाच मिनिटांत आलेलं आहे: उगम मोठा करा आणि जवळ आणा.

काय काय लागेल

- मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा. शक्य असेल तर फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं फारसे बदल न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा.
- वर आणि बाजूला डोकं वळणारा सुटा फ्लॅश. बाजूला न वळणारा घेऊ नका, पुढे पस्तावाल.
- चार एए आकाराचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल, आणि आणखी चार राखीव. बऱ्याच सुट्या फ्लॅशना असे चार लागतात. काहींना स्वतःची बॅटरी असते.
- तळहाताएवढं जाड पांढरं कार्ड, तेवढाच काळ्या फोमचा तुकडा आणि दोन रबरबँड.
- नारिंगी जेल, म्हणजे फ्लॅशवर लावायची रंगीत पारदर्शक पट्टी.
- पुढच्या टप्प्यासाठी: साधारण मीटरभर व्यासाची पांढरी आरपार छत्री, स्टँड, छत्री धरणारा ब्रॅकेट आणि रेडिओ ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश तारेविना उडवणारं उपकरण.

सुरुवात पहिल्या चार गोष्टींवर करा. बाकीचं महिनाभरानं घेतलंत तरी चालेल.

१. फ्लॅश बंद ठेवून खोलीचा उजेड बसवा

बहुतेक नवखे थेट फ्लॅश लावतात आणि मागची खोली काळीकुट्ट होते. आधी खोली ठरवा, मग चेहरा.

मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवून, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/४ आणि शटर (ते किती वेळ उघडं राहतं) १/६० सेकंद लावून फ्लॅशशिवाय एक फोटो काढा. खोली ओळखू यावी, पण डोळ्यांना दिसते त्यापेक्षा एक-दीड स्टॉप अंधारी असावी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट). फारच काळी असेल तर शटर १/३० करा किंवा आयएसओ १६०० करा.

शटरचा स्पीड इथे फक्त खोलीच्या उजेडावर परिणाम करतो. निम्म्याहून कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे शटर १/६० असो की १/१२५, फ्लॅशचं काम तेवढ्यात आटोपलेलं असतं. अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी दुधाचा थेंब पडताना उडालेला मुकुट गोठवून दाखवला तो फ्लॅशच्या याच गुणावर. ॲपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्ही उजेडांवर परिणाम करतात. हे डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. मागची खोली उजळ हवी असेल तर शटर सावकाश करायचं आणि चेहरा उजळ हवा असेल तर फ्लॅशची ताकद वाढवायची.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेलं तर पुष्कळ कॅमेऱ्यांत फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. तुमच्या कॅमेऱ्याचा नेमका आकडा त्याच्या माहितीपुस्तिकेत सिंक स्पीड म्हणून दिलेला असतो. आणि १/३० च्या खाली माणूस हलला तर चेहऱ्याभोवती पुसट भुतासारखी कड दिसते.

२. फ्लॅश माणसाकडून वळवा

यालाच बाउन्स म्हणतात. झोत पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर मारायचा. तिथे दीड-दोन मीटरचा उजळ पट्टा तयार होतो आणि तोच तुमचा नवा दिवा. सात सेंटीमीटरवरून दोन मीटर, तेही नवीन काही विकत न घेता. एवढी एकच पायरी शिकून थांबलात तरी तुमचे फोटो ओळखू न येण्याइतके बदलतील.

पण वळवायचा कुठे, यात सगळ्यांची गफलत होते. डोकं ४५ अंशांत पुढे झुकवून ठेवायची सवय लागलेली असते. समजा छत २.७ मीटरवर आहे, कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणि माणूस सव्वा मीटरवर उभा आहे. ४५ अंशांत गेलेला झोत छताला नेमका त्याच्या डोक्यावर लागतो. उजेड सरळ खाली उतरतो, भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. फ्लॅश सरळ वर किंवा किंचित मागे, तुमच्या खांद्यावरून वळवलात तर उजळ पट्टा माणसाच्या पुढे येतो आणि प्रकाश तिरका चेहऱ्यावर पडतो. मागे फ्लॅश मारणं सुरुवातीला विचित्र वाटतं. मारून बघाच.

मला स्वतःला छतापेक्षा बाजूची भिंत जास्त आवडते. फ्लॅश डावीकडच्या पांढऱ्या भिंतीवर मारला की प्रकाश खिडकीतून आल्यासारखा वाटतो. एक गाल उजळतो, दुसरा हळूहळू सावलीत जातो आणि चेहऱ्याला गोलाई येते. छताचा प्रकाश सुरक्षित असतो, पण थोडा सपाट.

फ्लॅश वळवल्यावर एक तपासणी नक्की करा. स्वतः माणसाच्या जागी जाऊन उभे राहा आणि कॅमेऱ्याकडे पाहा. फ्लॅशची काच दिसत असेल तर थेट झोतही चेहऱ्यावर पोहोचणार आणि कडक सावली परत येणार. अशा वेळी काळ्या फोमचा तुकडा रबरबँडनं फ्लॅशच्या त्या बाजूला आडोशासारखा लावा. काच दिसेनाशी झाली की झालं.

बाउन्समध्ये दोन ते तीन स्टॉप उजेड खर्ची पडतो, म्हणून आयएसओ ८०० ते १६०० ठेवायला कचरू नका. थोडा दाणा आलेला मऊ चेहरा हा स्वच्छ पण रुक्ष चेहऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

सापळा: रंगीत भिंत. हिरव्या भिंतीवरून परतलेला प्रकाश हिरवाच येतो आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूला पडतो. व्हाइट बॅलन्स (फोटोतला रंगाचा झाक दुरुस्त करायची कॅमेऱ्याची सेटिंग) बदलून तो जात नाही, कारण दुसरी बाजू उलट्या रंगाकडे झुकते. लाकडी किंवा गडद छत तर प्रकाश गिळूनच टाकतं. फ्लॅश लावण्याआधी खोलीत एक फेरी मारून पांढरी जागा कुठे आहे ते बघून ठेवा.

३. डोळ्यांत चमक आणा

छतावरून आलेल्या प्रकाशात डोळे कधीकधी निस्तेज दिसतात. पांढरं कार्ड रबरबँडनं फ्लॅशच्या मागच्या बाजूला उभं लावा, दोन-तीन बोटं वर येईल असं. बराचसा झोत छताकडे जातो, थोडासा कार्डावरून पुढे येतो आणि बुबुळात पांढरा ठिपका उमटतो. काही फ्लॅशमध्ये असं कार्ड आतूनच ओढून काढता येतं. कार्ड फार मोठं घेऊ नका, नाहीतर तोच मुख्य दिवा होऊन बसतो.

४. प्लास्टिकच्या टोपीबद्दल

फ्लॅशवर बसवायची दुधी प्लास्टिकची टोपी जवळजवळ प्रत्येक नवखा पहिल्यांदा घेतो. मीही घेतली होती. ती प्रकाश चहूकडे उधळते. लहान, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत तो भिंतींवरून परत येतो आणि खरंच मऊ होतो, म्हणजे काम भिंती करतात. उघड्यावर किंवा मोठ्या सभागृहात परत यायला काहीच नसतं, त्यामुळे उगमाचा आकार टोपीएवढाच राहतो आणि फ्लॅशची ताकद मात्र वाया जाते. चेंडूचा प्रयोग आठवा: टॉर्चला चिकटवलेला कागद.

५. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा

छत उंच असेल, काळं असेल किंवा डोक्यावर आभाळच असेल, तर बाउन्स विसरा आणि छत्री उघडा.

छत्री माणसाच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडी वर, खाली झुकलेली ठेवा. चेहऱ्यापासून अंतर एक मीटर किंवा त्याहून कमी. फ्लॅश छत्रीच्या मध्याकडे रोखा, म्हणजे पूर्ण कापड उजळेल. नवखे छत्री तीन मीटर लांब ठेवतात, कारण जवळ ठेवली तर प्रकाश झगझगीत होईल अशी भीती वाटते. होतं उलटंच. लांबून तीच छत्री लहान दिसते आणि सावली पुन्हा कडक होते. झगझगीत वाटलं तर ताकद उतरवा, छत्री हलवू नका.

जवळच्या छत्रीत एक सावधगिरी लागते. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. एक मीटरवर बसलेला माणूस हसताना वीत-दीड वीत मागे रेलला तरी अर्धा-पाऊण स्टॉप फरक पडतो. त्याला पाठ टेकून बसायला सांगा. याच नियमाचा फायदाही आहे: मागची भिंत दूर असेल तर तिथे छत्रीचा प्रकाश फारसा पोहोचत नाही, आणि पहिल्या पायरीत बसवलेला खोलीचा उजेड तसाच टिकतो.

सावलीकडची बाजू फार काळी वाटली तर तिकडे पांढरा थर्मोकोल उभा करा. दुसरा फ्लॅश घेण्याची घाई करू नका. एका दिव्याचं वागणं कळल्याशिवाय दुसरा आला की कुठली सावली कुणाची, तेच समजत नाही.

छत्री नसेल तर पांढरी चादर दोरीवर ताणून टांगा आणि मागून मीटरभर अंतरावरून फ्लॅश मारा. माणूस दुसऱ्या बाजूला, चादरीच्या जवळ. हा इतका सुंदर प्रकाश असतो की छत्री आल्यानंतरही मी कित्येकदा चादरच वापरते. उघड्यावर मात्र स्टँडच्या पायावर वजन ठेवा. वारा आला की छत्री शिडासारखी फुगते आणि फ्लॅशसकट आडवी होते.

६. फक्त कॅमेऱ्यातलाच उघडणारा फ्लॅश असेल तर

त्याचं डोकं वळत नाही आणि ताकदही थोडी असते, पण दोन उपाय आहेत. पहिला: पांढरं कार्ड फ्लॅशच्या पुढे ४५ अंशांत तिरकं धरा, म्हणजे झोत छताकडे जाईल. आयएसओ १६०० लागेल आणि माणूस दोन मीटरच्या आत हवा.

दुसरा: फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फ्लॅशची ताकद स्टॉपमध्ये कमी-जास्त करायची सेटिंग) उणे एक ते उणे पावणेदोनपर्यंत न्या आणि शटर १/३० करा. इथे नीट समजून घ्या. फ्लॅशची सावली याने मऊ होत नाही, कड तशीच राहते. पण खोलीचा उजेड त्या सावलीत भरतो, त्यामुळे ती फिकट होते आणि डोळ्यांना खुपत नाही. कड आणि गडदपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोबाइलचा फ्लॅश म्हणजे छोटा एलईडी. पोर्ट्रेटसाठी तो बंद ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी त्यांच्या मोबाइलचा टॉर्च बाजूच्या पांढऱ्या कागदावर किंवा भिंतीवर मारायला सांगा. नियम तोच.

७. रंग जुळवा

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३२०० चा. दोन्ही एकत्र आले की चेहरा पांढुरका आणि मागची खोली संत्र्याच्या सालीसारखी दिसते. पूर्ण नारिंगी जेल फ्लॅशवर लावा आणि व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर (पिवळ्या बल्बच्या चिन्हावर) ठेवा, दोन्ही उजेड एका रंगात येतात. मला थोडी ऊब शिल्लक ठेवायला आवडते, म्हणून मी बऱ्याचदा अर्ध्या तीव्रतेचं जेल लावते. जेल पाऊण ते एक स्टॉप उजेड खातं, तेवढी ताकद वाढवा. खोलीत थंड पांढऱ्या रंगाचे एलईडी असतील तर नारिंगी जेलची गरज नाही.

८. ऑटोमॅटिक की मॅन्युअल

टीटीएलमध्ये, म्हणजे फ्लॅशच्या ऑटोमॅटिक पद्धतीत, फ्लॅश आधी एक बारीक झोत सोडून मोजमाप करतो आणि मग ताकद ठरवतो. माणसं फिरत असतील तर ते सोयीचं आहे. पण हे मोजमाप सगळ्या दृश्याला मधल्या करड्या छटेकडे ओढतं. पांढऱ्या कपड्यातला माणूस अंधारा येतो आणि काळ्या कपड्यातला भाजल्यासारखा पांढरा. पहिल्याला अधिक २/३ स्टॉप, दुसऱ्याला उणे २/३ स्टॉप भरपाई द्या.

एका जागी बसलेल्या माणसासाठी मॅन्युअलच वापरा. पूर्ण ताकदीच्या १/८ पासून सुरू करा, फोटो बघा, वर किंवा खाली जा. तीन फोटोंत जमतं. आणखी एक फायदा होतो: काही जणांचे डोळे त्या पहिल्या बारीक झोतालाच मिटतात आणि खऱ्या फोटोत ते पेंगुळलेले दिसतात. मॅन्युअलमध्ये तो झोतच नसतो.

९. माणसाला बसवताना

भिंतीपासून किमान दीड मीटर पुढे आणा. आजीच्या मागची ती चिकटलेली सावली एवढ्यानेच टळली असती.

चष्मा असेल तर दिवा थोडा वर न्या आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून घ्यायला सांगा, काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब निघून जातं. कपाळावर तेलकट चमक असेल तर टिश्यू पेपर अलगद टेकवा, घासू नका. लाल डोळे दिसले तर फ्लॅश लेन्सच्या फार जवळ आहे असं समजा. झोत डोळ्याच्या मागच्या रक्तानं भरलेल्या थरावरून सरळ लेन्समध्ये परततो. फ्लॅश वळवला किंवा उतरवला की हा प्रश्न उरत नाही.

आणि पहिला झोत मारण्याआधी सांगा की आता मारते आहे. अंधारात बसलेल्या वयस्कर माणसाला दचकवलंत तर पुढची दहा मिनिटं चेहरा सैल होत नाही.

१०. जपून

कापड, टिश्यू किंवा जेल काचेला घट्ट चिकटवून पूर्ण ताकदीवर एकामागून एक झोत मारू नका, ते वितळतं किंवा करपतं. माझ्या एका जेलच्या मधोमध तपकिरी भोक पडलं आहे. बंद पडलेला फ्लॅश उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतभार असतो आणि सेल काढल्यानंतरही तो उरतो. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका. तान्ह्या बाळाच्या किंवा कुणाच्याही डोळ्यांजवळून थेट झोत मारू नका.

११. फोटो काढल्यावर कुठे बघायचं

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण फोटो नेहमी छानच दिसतो, त्यावर जाऊ नका. चेहरा मोठा करा. आधी कपाळ आणि नाकाचा शेंडा बघा: त्वचेचा पोत दिसत नसेल तर ताकद एक तृतीयांश स्टॉपनं उतरवा. मग डोळे: दोन्हींत चमक आहे का? नसेल तर कार्ड लावा किंवा दिवा खाली आणा. शेवटी नाकाची सावली. ती ओठांपर्यंत खाली आली असेल तर दिवा फार उंच आहे. आणि ती गालावर कुठे संपते ते बोट ठेवून दाखवता येत असेल, तर छत्री आणखी वीतभर जवळ सरकवा.